कुकरपाशी थांबलेला हात

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. कुठेही गेले, लग्नाला, बारशाला, अगदी मालवणच्या बाजारात बांगडे घ्यायला, तरी कोणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "बाई, त्या हातांची गजाल खरी काय?" उभा जन्म काजूच्या कारखान्यात गेला, कितीतरी बायकांना हाताला धरून काम शिकवलं, त्याबद्दल कोणी चकार शब्द विचारत नाही. संपादकांनीही "नोकरीतले अनुभव लिहा" अशी फोनवर सुरुवात केली आणि घसा खाकरून शेवटी तिथेच आले. बरं बाबा, लिहिते. पण एक आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट भुताची आहे की नाही ते मला माहीत नाही. माझ्या चुकीची आहे, एवढं पक्कं माहीत आहे. मी अकरा सेकंद कापले आणि त्यापायी एक लेकुरवाळी बाई मरता मरता वाचली.

आधी कामाचं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. काजूची बी झाडावरून येते तशी फोडता येत नाही. टरफलात चीक असतो, हाताला लागला तर कातडी सोलून काढतो. म्हणून बी आधी वाफवावी लागते. त्यासाठी माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी पिंप असतं, त्याला आम्ही कुकर म्हणतो. घरातल्या कुकरचा थोरला भाऊच तो, फक्त डोक्याने तापट. बी भरायची, चाक फिरवून दार आवळायचं, बॉयलरची वाफ आत सोडायची. शिजलं की खालच्या नळीचा कॉक उघडायचा, वाफ बाहेर जाते, काटा शून्यावर येतो, मग दार उघडायचं. वाफ आत असताना दार उघडलं तर दार उडतं आणि समोरच्या माणसाला घेऊन जातं. एवढंच शास्त्र.

आमच्या कुकरवर गुणाजीकाकांचं राज्य होतं. मसुऱ्याचा माणूस, फिटर, शाळा चौथीपर्यंत. वर्षातून एकदा आंगणेवाडीच्या जत्रेला रजा घ्यायचे, बाकी आजारपणातही हजर. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं, जुन्या कटरने तरुणपणी नेलेलं. कोणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "कारखान्यात भागीदारी घेतलंय, अर्ध्या बोटाची." बोलणं एवढंच. एरवी तोंडातून शब्द काढायला पक्कड लावावी लागे.

मग मालकांच्या मुलाने कारखाना स्मार्ट करायचं मनावर घेतलं. भिंतीवर पडदे लागले, प्रत्येक यंत्राला सेन्सर चिकटले, काटे गेले आणि आकडे आले. आणि पुण्याहून गॉगल आले. दोन तऱ्हेचे. एक काळाकुट्ट बंद, तो घातला की आपण खोट्या कारखान्यात जातो. तिथे चुकीचा कॉक उघडला की खोटा स्फोट होतो आणि बाई खरी किंचाळते. एकीने तर आत गेल्यागेल्या चपला काढल्या, फरशी फार स्वच्छ दिसली म्हणून! दुसरा गॉगल पारदर्शक. त्यातून खरं यंत्रच दिसतं, पण त्यावर बाण, आकडे आणि निळसर धुरकट असे दोन हात दिसतात. ते हात पुढे पुढे काम करून दाखवतात आणि आपण त्यांच्यामागून आपले हात चालवायचे. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या असतील तुम्ही. तसं, फक्त दोरी ओढणारा कुठेच नाही.

हात कोणाचे घ्यायचे, हा प्रश्नच नव्हता. मी प्रशिक्षणाची प्रमुख होते, त्यामुळे काकांना गॉगल घालायला लावणं माझ्या गळ्यात पडलं.

"माझे हात चोरून नेतास काय गो?" काका म्हणाले.

"चोरूक नाय, ठेवूक," मी म्हटलं. "तुमी घराकडे गेलास तरी तुमचे हात कामावर ऱ्हवतले."

हे वाक्य मी हसत बोलले होते. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

काकांनी कुकर उघडून दाखवला, गॉगलने तो टिपला, आणि संध्याकाळी आम्ही त्यांना त्यांचेच हात दाखवले. काका बराच वेळ बघत राहिले. मग आपला खरा डावा हात डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "ह्ये माझे न्हय. हेंका सगळी बोटा आसत." खरंच होतं. त्या सॉफ्टवेअरला पाच बोटांचाच हात ठाऊक होता. जे बोट दिसलं नाही ते त्याने आपल्या मनाने भरून काढलं होतं. पुण्याच्या इंजिनियरांनी समजावलं. काका म्हणाले, "भरलास तर भरलास. मगे खरोखरचा देवा."

पुढचं काम माझं होतं, काटछाट. वेळ वाचवायची म्हणून फुकटची हालचाल काढून टाकायची, असा नियम. काकांच्या कामात फुकटची हालचाल कुठली असणार? पण एक सापडली. कॉक उघडल्यावर, दाराच्या चाकाला हात घालण्याआधी ते खाली वाकायचे, डावा हात नळी जिथे वळते त्या बाकाला लावायचे, तोच हात कपाळाला लावायचे, पुन्हा नळीला. मग चाक. अकरा सेकंद. मी ते जन्मभर पाहत आले होते. नमस्कार करतात यंत्राला, दुसरं काय? आपल्याकडे होडी पाण्यात लोटताना करतात, नांगर धरताना करतात. पण परदेशी गिऱ्हाइकांचे तपासनीस येणार, त्यांना हे काय दाखवायचं? मी शेऱ्यात "नमस्कार" लिहिलं आणि कापून टाकलं. कापलेलं आठ दिवसांनी आपोआप पुसलं जायचं.

सात पायऱ्यांचा धडा तयार झाला तेव्हा काकांना पुन्हा दाखवला. चौथ्या पायरीवर त्यांनी मान वर केली. "मधला ता खंय गेला?"

"देवपूजा घराकडे करा काका," मी म्हटलं. "हय काम दाखवचा आसा."

शेजारी दोघं-तिघं हसले. काकांनी गॉगल काढला. पुसून टेबलावर ठेवला आणि ते गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी सवय जुनी. पण त्या दिवसाइतकी ती मला कधी महाग पडली नाही.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि पावसाळा संपता संपता घरी बसल्याजागी गेले. कुकर त्यांच्याशिवाय चालू राहिला. बायकांनी गॉगलला "काका" हेच नाव पाडलं. "काकांका घाल गो," "काकांची बॅटरी संपली," असं दिवसभर चाले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबलून आलं. नंतर सवय झाली. कशाचीही होते.

अस्मिता आली ती पुढच्या हंगामात. मूळची देवगडकडची, लग्न करून आमच्या भागात आलेली, पदरात दोन मुलं. काकांना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. हाताला हुशार होती म्हणून मी तिला कुकरवर घातली. चार-सहा दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, काका मधीच थांबतत."

"थांबतात म्हणजे?"

"चाकाकडे जाऊच्या आधी खाली वाकतत. नळयेक हात लावतत. रोज नाय. कधी कधी."

मी गॉगल घातला, धडा तीनदा चालवून पाहिला. सात पायऱ्या, सरळ, मी कापल्या तशाच. फाइल उघडून पाहिली, तिथेही काही नाही. तिला म्हटलं, उपाशी येतेस, चक्कर येते, न्याहारी करून येत जा. ती गेली. दाराशी वळून म्हणाली, "आणि बाई, तेचा एक बोट अर्धा आसा."

खोटं कशाला सांगू, मी ती फाइल पुन्हा उघडली. मग स्वतःलाच दटावलं. कारखान्यात शंभर तोंडं, कोणीतरी सांगितलं असेल तिला काकांच्या बोटाबद्दल, आणि मनी वसे ते स्वप्नी दिसे. मी तिला दुसऱ्या कामावर घालू शकले असते. घातलं नाही. हंगाम चालू होता आणि माणसं कमी होती.

बाहेरच्यांना वाटतं, भुतं रात्रीची असतात. आमच्या कोकणात भर दुपारी बारालाही विहिरीवर जाऊ नको म्हणतात. मे महिन्यातली तशीच दुपार होती. जेवणाची सुट्टी व्हायची होती, पण बायकांची हातातली कामं आवरत आली होती आणि शेडमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता. एवढ्यात बोरम्यावरून, म्हणजे बी सुकवतो त्या भट्टीवरून, निरोप आला की कुकरचा माल अजून आला नाही. मी तणतणत गेले.

अस्मिता कुकरसमोर उभी. पडद्यावर आकडा शून्य, दिवा हिरवा, "दार उघडा" अशी सूचना लुकलुकत होती. आणि ही दोन्ही हात मागे बांधून उभी, तोंडावर घाम.

"उघड की! कोणाची वाट बघतेस?"

"काका सरकूक नाय, बाई."

"काय?"

"केव्हापासून तसेच आसत. नळयेक हात धरून. मी चाकाकडे हात नेलंय तर माझ्याकडे बघल्यासारखा वाटला. मी नाय उघडूचंय."

माझं डोकंच फिरलं. "दे इकडे," म्हणून मी तिच्या डोळ्यांवरचा गॉगल ओढून काढला आणि स्वतः घातला. चाकाला हात घालणार होते. एका फिरकीचं काम, मी ते हजारदा पाहिलं होतं.

चाकावर हात नव्हते. निळे हात असायला हवे होते तिथे, वर, छातीच्या उंचीवर, काहीच नव्हतं. मी खाली पाहिलं. नळीच्या बाकाशी एकच हात होता, डावा. उलटा, म्हणजे पंजाची मागची बाजू नळीला टेकलेली. हलत नव्हता. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापाशी संपलेलं होतं.

मी किती वेळ पाहत राहिले सांगता येणार नाही. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, का केलं तेही ठाऊक नाही, पण मी खाली वाकले आणि माझा हात त्या हाताच्या जागी लावला. निळा हात माझ्या हातातून आरपार गेला आणि दिसेनासा झाला. नळी गार होती.

गार! आताच तिच्यातून कुकरभर वाफ गेली असायला हवी होती, आणि ती देवळातल्या फरशीसारखी गार होती. मला तेव्हाही सगळं उमगलं नाही. एवढंच कळलं की जे जायला हवं होतं ते गेलेलं नाही. मी अस्मिताच्या दंडाला धरून तिला मागे ओढली आणि बॉयलरवाल्याच्या नावाने ओरडले.

त्याने येऊन शेड रिकामी केली आणि लांब सळईने बाक मोकळा केला. चिकात माखलेला टरफलांचा गोळा बाहेर उडाला आणि मागोमाग वाफ. तिचा आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत गेला म्हणतात. कॉक उघडल्याबरोबर तो गोळा बाकात अडकला होता. नवा सेन्सर बसवणाऱ्यांनी तो त्याच नळीवर, बाकाच्या पुढे बसवलेला. पुढे वाफ नाही, म्हणून तो बिचारा शून्य सांगत होता. त्याच्या जागी तो खरंच बोलत होता. आत मात्र सगळी वाफ कोंडलेली, आणि हिरव्या दिव्याखाली उभी अस्मिता. तिने उघडलं असतं तर तिची पोरं त्या दिवशी पोरकी झाली असती. नाहीतर माझी.

पुण्याच्या इंजिनियरांना कळवलं. ते म्हणाले, गॉगल अडकला असेल, अशा वेळी शेवटचं चित्र तसंच राहतं. आणि उजेड कमी असला की बोटाचं टोक ओळखता येत नाही. माणसं शिकलेली आहेत, असेलही तसं. पण आमच्या धड्यात नळीवरचं चित्र नव्हतंच, ते मीच कापलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. सेन्सरची जागा बदलून घेतली आणि रविवारी एसटी पकडून मसुऱ्याला काकांच्या घरी गेले.

काकी अंगणात भात उकडत होत्या. चुलीवर मोठं तपेलं, वर गोणपाट. मला बघून उठल्या, गूळपाणी दिलं. मी विचारलं, काका कुकरला नमस्कार का करायचे?

काकींना हसू फुटलं. "नमस्कार? हेंनी? अगो, घराकडच्या देवाक कधी हात जोडूक नाय, तो लोखंडाक जोडतलो माणूस!"

"मग नळीला हात लावून कपाळाला लावायचे ते?"

काकींनी आपला हात उलटा करून तपेल्याला टेकवला, पटकन काढून कपाळाला लावला, पुन्हा तपेल्याला. "ताप बघतत तसा," त्या म्हणाल्या. "झील ल्हान असताना तेका ताप येय. तेव्हा शिकवलंय मीच. नुसतो हात फसवता, गो. आपल्या कपाळावांगडा ताडून बघूचा. हेंनी ताच कारखान्यात केल्यानी. माका सांगीत, नळी माझ्या कपाळापेक्षा गरम लागली तर वाफ गेली. गार लागली तर वाफ आत, तेव्हा पळूचा."

मी खाली मान घालून बसले. आपल्या पोराचा ताप बघणारा हात मी रोज पाहिला आणि त्याला अंधश्रद्धा म्हणून कापला. बाहेरचा कोणी असता तर त्याने निदान विचारलं असतं, हे काय करता म्हणून. मी इथली, मला सगळं ठाऊक, मी कशाला विचारते!

"त्यांनी मला का नाही सांगितलं, काकी?"

"हेंच्या हाताक येय, तोंडाक येय नाय," काकी म्हणाल्या. "त्या दिवशी घराकडे इले तेव्हा एवढाच म्हणाले, तिका म्हायत आसतला असा वाटलेला."

मग त्यांनी मला दहाव्याचं सांगितलं. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलाने कबूल केलं, आईला बघीन. भावाने कबूल केलं, बांधावरचा फणस तोडणार नाही. दुपार टळली, कावळे फांदीवर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. "काय ऱ्हवला हेंच्या मनात, ता अजून कळाक नाय," काकी म्हणाल्या आणि चुलीत लाकूड सारलं. मला कळलं होतं. मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं, शेऱ्यात लिहिलेल्या शब्दासकट. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी त्या धुरात ढसाढसा रडले.

सोमवारी मी चौथी पायरी पुन्हा भरली. काकांचे ते अकरा सेकंद पुसले गेले होते, तेव्हा गॉगल घालून मी स्वतः वाकले. डावा हात उलटा नळीला, कपाळाला, पुन्हा नळीला. सूचनेच्या चौकटीत लिहिलं: "ताप बघा." तपासनिसांनी विचारलं तर बघून घेऊ म्हटलं. त्या दिवसापासून अस्मिताचे काका मधेच थांबायचे बंद झाले. आठही पायऱ्या सरळ चालू लागल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

निवृत्त व्हायच्या आधी एकच काम उरलं होतं. मी काकींना कारखान्यात बोलावलं. नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आलेल्या शेजारणीला घेऊन त्या आल्या. स्वतः साध्या पांढरट लुगड्यात. मी त्यांना कुकरसमोर उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांवर गॉगल चढवला. धडा सुरू झाला. त्यांची मान हातांमागून इकडून तिकडे फिरत होती.

"हे हेंचे न्हय," त्या म्हणाल्या. "पाची बोटा आसत."

मी म्हटलं, हो काकी, यंत्राने भरून काढली ती.

चौथी पायरी आली. काकींची मान खाली वळली, नळीकडे, आणि तिथेच थांबली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी आपला हात हळूच पुढे केला, कोणाच्या हातावर ठेवावा तसा.

"हो मात्र हेंचो."

मला वाईट वाटलं. म्हातारं माणूस, मनाची समजूत करून घेतंय. पण खोटं कशाला ठेवा, म्हणून सांगितलं, "काकी, तो हात माझा आहे. ती पायरी मी भरली."

गॉगल न काढताच त्या म्हणाल्या, "तुझा बोट कधी तुटला गो?"

मी माझा डावा हात पाहिला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

काकी तशाच वाकून उभ्या राहिल्या. मी घाबरत विचारलं, ही पायरी काढून टाकू का? त्यांना मोकळं करायचं असेल तर आताच पुसते, एका बटणाचं काम. त्यांनी मान हलवली. "नुको. कामार आसत ते. ऱ्हवांदेत." मग नळीच्या बाजूला, जिथे माणूस उकिडवा बसला तर त्याचं तोंड येईल तिथे बघत, घरात बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "बारा वाजान गेले. जेवन घेवा." आणि गॉगल माझ्या हातात देऊन चपला घालायला गेल्या.